तेवीस कलमं

जानेवारीत बर्फ खिडकीच्या निम्म्यावर आलेलं.
सुपीरिअर सरोवरावरून वारा दाराच्या फटीतून शिट्टी घालत होता
आणि आम्ही स्वयंपाकघरात, टेबलाशी,
बियाण्यांच्या कॅटलॉगच्या पाठकोऱ्या पानावर
अख्खं वर्ष लिहून काढत होतो.
हॉलिस सांगायचा, मी लिहायचे.

बकऱ्या दोन. डुकरं दोन. कोंबड्या पंचवीस.
मधमाश्यांच्या पेट्या, सफरचंदाची बाग, तळघर,
वर्षभर मुरवलेलं कडक चीज.
बाविसावं : विजेचं बिल शून्य.
तेविसावं हॉलिसनं स्वतः लिहिलं, ठळक अक्षरात :
दुकानात जायचं नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
आमचं अंथरूण चाळीस एकर होतं.
पाय मोजायचे राहिले.

रस्त्यापलीकडची लेंपी, वय एक्याऐंशी,
केकची ताटली परत द्यायला आली, बूट झटकून बसली.
कागद वाचला.
चष्मा पुसून पुन्हा वाचला.
'माणसं किती?'
दोन.
'नोकरी?'
हॉलिसची. आठवड्याचे चार दिवस, इस्पितळाच्या बॉयलरवर.
'जळण किती उरलंय?'
आम्ही खिडकीबाहेर पाहिलं.
तिनं येतानाच पाहिलं होतं.

मग तिनं पेन्सिल मागितली.
खोडलं काहीच नाही, प्रत्येक कलमापुढे नुसता आकडा घातला :
बकऱ्या, चौथं वर्ष.
चीज, सहावं.
सफरचंदं, आत्ता लावा, आठव्या वर्षी खा.
तेविसाव्यापुढे दुकानाची वेळ लिहिली :
रविवारी दुपारनंतर बंद.

यंदाच्या वाट्याला उरलं एवढंच :
बटाटे, सहा कोंबड्या, आणि जळण.
या हिवाळ्याचं नव्हे, पुढच्या.
'ओलं मेपल जाळणं,' ती म्हणाली,
'म्हणजे पैसे देऊन धूर विकत घेणं.'

नऊ जूनला दहिवर पडलं. बटाट्याची पानं काळी ठिक्कर.
मी बांधावर बसून रडले, काळ्या माश्या कानात शिरल्या
म्हणून उठले.
दहा दिवसांनी पानं पुन्हा फुटली, मला न विचारता.
ऑगस्टात अंगठ्याएवढ्या भोकातून मुंगूस जातीचं काहीतरी आत आलं
आणि एका रात्रीत चार कोंबड्या गेल्या.
खाल्ली एकच.
हॉलिसची कंबर धरली. लाकूड कापायचं यंत्र
आठ दिवस ओल्या गवतात पडून राहिलं.

सप्टेंबरात लेंपीच्या तळघरात गाजरं रचायला गेले,
तेव्हा दाराच्या आतल्या अंगाला दिसलं, पेन्सिलीनं, तिच्या नवऱ्याच्या हातचं :

१९६६ कुंपण
१९६७ कुंपण
१९६८ कुंपण, गाय
१९६९ विहीर

असं खालपर्यंत. कुठे एक शब्द, कुठे दोन.
१९७४ पुढे काहीच नव्हतं.
मी बोट ठेवलं.
'त्या वर्षी,' लेंपी म्हणाली,
'आम्ही इथंच राहिलो.'
आणि गाजरांवर वाळू ओतायला लागली.

आमचे बटाटे अकरा पोती भरले,
फावड्यानं चिरलेले वेगळे. ते आधी खाल्ले.
दोन कोंबड्यांनी आठवड्याला नऊ अंडी दिली,
म्हणजे त्यांच्या बाजूनं काही कमी पडलं नाही.
जळणाच्या रांगा हव्या होत्या सहा.
झाल्या साडेचार.

पुन्हा जानेवारी.
कॅटलॉग आलंय, उघडलेलं नाही.
कोठीच्या दारामागे मी पेन्सिलीनं साल लिहिलं,
त्यापुढे : जळण.
थोडं थांबून, बारीक अक्षरात : मागचं दीड धरून.

हॉलिस पाठीशी उभा होता.
बकऱ्यांचं विचारेल असं वाटलं.
तो वाकला, आणि बोटांनी दार मोजू लागला.
ओळीला दोन बोटं, म्हणाला,
तर अडतीस वर्षं मावतील.