उपलब्धतेनुसार

विमाननगरच्या हॉटेलात, दुसऱ्या मजल्यावर हॉल.
एसी अठरावर, म्हणजे कोणी पेंगत नाही.
बारा गोल टेबलं, बाराही टेबलांवर तोच समुद्र, लॅमिनेट केलेला.
जोडीनंच यायचं, ही अट.
एकटा माणूस म्हणतो, घरी विचारून सांगतो,
आणि घरी विचारलं की संपलं.

त्यांचा नंबर पेट्रोल पंपावर कोणीतरी लिहून घेतला होता.
"तुमचं नाव निघालंय" हा फोन मात्र माझा.
नाव सगळ्यांचंच निघतं.

गजेंद्र ओव्हाळ, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त.
सोबत सुमनताई, पर्समध्ये घडी घातलेली कापडी पिशवी,
बक्षिसाचा डिनर सेट न्यायला.

पहिले तीन प्रश्न असे, की उत्तर हो यावं.
फिरायला आवडतं ना? हो.
नातवंडांना वेळ द्यावासा वाटतो ना? हो.
हॉटेलं महाग झालीत ना? हो बाई, फार.
त्रिलोक सर सांगतात, मान तीनदा हलली
की चौथ्यांदा आपली आपण हलते.
सरांना नंदीबैल माहीत नसावा.
सासवडला आमच्या दारात यायचा,
गुबुगुबु वाजलं की पाऊस पडेल म्हणायचा,
आई त्याला सुपातलं धान्य द्यायची.

मी खोटं बोलत नाही, हे मी आईलाही सांगितलंय.
पंचवीस वर्षं, दरवर्षी सात दिवस. खरं.
गोवा, मनाली, महाबळेश्वर. खरं.
ही किंमत फक्त आजच्यापुरती. तेही खरंच,
उद्या ती फक्त उद्यापुरती असते.
आणि सतराव्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात,
एक शब्द: उपलब्धतेनुसार.
मे महिना उपलब्ध नसतो. दिवाळी नसते.
जुलैतला एखादा मंगळवार असतो.
देखभालीची वार्षिक फी तेवढी
उपलब्धतेनुसार नसते.

ओव्हाळांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचायला लागले.
सर मागून आले, पाण्याचा ग्लास ठेवला
नेमका सतराव्या पानावर.
"वाचा की काका, घाई कुठाय," म्हणाले.

तेवढ्यात सुमनताई माझ्याकडे वळल्या.
"तू घेतलंस का गं हे? तुझ्या आईवडलांसाठी?"

ट्रेनिंगमध्ये हा प्रश्न होता. उत्तरही होतं.
मी ते दिलं.
"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या,
आणि नवऱ्याच्या हातात पेन दिलं.

घंटा वाजली. सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या,
शेजारच्या टेबलावरच्या जोडप्यानं जरा जास्तच.

दहा दिवसांत लेखी कळवलं तर पैसे परत,
अशीही एक ओळ आहे. विचारलं तर सांगायची.
माझं कमिशन अकराव्या दिवशी:
धाकट्याची डिप्लोमाची फी, स्कूटीचे थकलेले दोन हप्ते,
वर उरले तर आईची दाढ.

नवव्या दिवशी रात्री, चंदननगरच्या खोलीबाहेर, जिन्यात उभी राहून
मी त्यांना फोन लावला.
दोनच वाक्यं होती, पाठ केलेली.
सुमनताई आनंदल्या. "बरं झालं बाई केलास,
यांना म्हणतच होते, त्या पोरीला कळवा.
नातीला बॅग घेतली, चाकांची. घरभर ओढत फिरते.
डिनर सेट काढला, एका वाडग्याला चीर आहे, पण चालतंय.
मे महिन्यात जाऊ म्हणतायत हे. मिळेल ना गं?"

खाली कोणीतरी गाडीला किक मारत होतं,
गाडी सुरू होत नव्हती.

मी म्हणाले, हो.
मानसुद्धा हलवली,
अंधारात, जिन्यात, कोणी बघत नसताना.

दहावा दिवस रविवार होता.
बाराही टेबलं भरली.