शेरा

बाबांची वही लांबट, जाड पुठ्ठ्याची,
रिवणच्या एका पसरकाराने दुकान मोडताना दिलेली.
पहिल्या पानावर अजून कुणाची तरी उधारी आहे:
साखर दोन किलो, घासलेट, माचिस.
तिथून पुढे बंदुका.

मी सोप्यावर लॅपटॉप उघडते.
आता दोनच ठेवता येतात, तिसरी परत द्यायची,
तर यादी नीट हवी, असं बाबा म्हणाले
आणि चष्मा शोधायला म्हणून गेले
ते थेट कुळागरात.

रकाने पाडते. प्रकार, क्रमांक, परवाना,
काडतुसं घेतली, उडवली, शिल्लक,
शेरा.

दुनळी, बारा बोअर. मडगावला घेतली,
त्या वर्षी सुपारीला भाव होता.
एकनळी, तीही बारा. मामाकडून आलेली,
दस्त्याला तडा, तांब्याच्या तारेने आवळलेला.
ठासणीची, आजोबांची.
क्रमांक नाही.
परवाना पोर्तुगीज, अर्धा वाळवीने वाचून संपवलेला.
रकाना लाल होतो, रिकामा सोडू देत नाही.
शून्य टाकते. पुसते.
‘नळीवर बोटाच्या पेराएवढा पोचा’ असं लिहिते.
तेही घेत नाही.

शेऱ्यांना मात्र पानं पुरलेली नाहीत.
डुक्कर, सुरणाच्या वाफ्यात. चुकलें.
डुक्कर, परत तेंच. चुकलें.
माकडं. वर एक, नुसता आवाज.
गवा आला पाटाच्या पाण्यावर. उडवली नाही. बघत राहिलो.
निवडणूक. तिन्ही सांग्याच्या ठाण्यात जमा, पावती डब्यात.
तिन्ही परत. दुनळीला थेंबभर तेल दाखवलं नाही मेल्यांनी.

चाळीस वर्षं!
आणि बाबांचा नेम इतका वाईट होता
हे मला आज कळतंय.
गावात अजून शिकारी म्हणतात त्यांना.

घेतली एकशे पंचवीस. उडवली एकशे सात.
डब्यात सतरा.
चादरीवर मांडून पुन्हा मोजते, मोठ्याने.
सतराच.
मग ती ओळ सापडते,
खाणी बंद पडल्या त्या सालची, दिवाळीच्या आधीची,
दोन ट्रक अंगणात उभे होते, टायरांवर वेल चढत होता.
‘एक कमी.’
पुढे शेरा नाही. वहीभर तेवढीच जागा कोरी.
आणि तिथून खाली ‘उडवली’च्या रकान्यात
शून्य, शून्य, शून्य,
डुक्कर काय यायचे थांबले होते?

आई तांदूळ निवडत होती.
सूप ठेवून आत गेली,
फळीवरची, पाहुण्यांसाठी म्हणून
आम्हाला कधी उघडू न दिलेली सोलांची बरणी
काखेत धरून आली.
तळाशी हात घातला कोपरापर्यंत.
काडतूस. पितळ हिरवं पडलेलं,
लाल पुठ्ठा मिठाने फुगलेला.
कीबोर्डाशेजारी ठेवलं, पदराला हात पुसला.

“झोप लागत नसे त्यांना त्या वर्षी.
पाणी प्यायला उठले, तेवढ्यात नळीतलं काढलं.
एकच होतं.”
मग सूप उचललं.
“मला येतं मोजायला.”

बाबा आले तेव्हा चष्मा त्यांच्या खिशातच होता.
पायांना चिखल, हातात दोन मावळिंगं.
काडतुसाकडे पाहिलं. आईकडे नाही.
“जुळलं?”
“जुळलं.”
“दुनळी देऊन टाकूया,” म्हणाले,
तिन्हींतली चांगली तीच.

मग वही ओढून घेतली,
माझ्याकडून पेन मागितलं,
आणि बारा वर्षांपूर्वीच्या त्या कोऱ्या जागी
थरथरत, ओळ सोडून जरा वर लिहिलं:
मेळ्ळें.

निळ्या पानावर काळी शाई.
बराच वेळ पाहत राहिले तिच्याकडे,
मग मला विचारलं,
कॉम्प्युटरात दिसतं का गो,
कुठलं कधी लिहिलं ते?