तासांचा रकाना

फॉर्मात चार रकाने होते:
लोकर, खळ, मजुरी, तास.
पहिले तीन मसाजी सणगरांनी
विडी विझू न देता सांगितले.
चौथ्यापाशी अडले.
"तास म्हंजी?"
म्हणजे एका घोंगडीला लागणारा वेळ.
"चार दिस," म्हणाले,
आणि मागाच्या खड्ड्यात उतरून
पावडीवर पाय ठेवले,
हिशेब मिटल्यासारखे.

केराबाई ओसरीवर चिंचोके फोडत होत्या.
कशाला हे?
"खळीला. त्याबिगर ताणा उभा ऱ्हात न्हाई."
कधीपासून फोडताय?
"काल दुपारधरनं."
मी लिहिलं.
मग विचारत गेलो, त्या सांगत गेल्या
मान वर न करता:
कातरलेली लोकर धुणं, कुसळं वेचणं,
पिंजणं, पेळू वळणं.
आणि सूत?
"ते काय काम हाये व्हय!
ते रातचं. लेकरं निजल्यावर."
किती रात्री?
त्यांनी बोटांची पेरं मोजली,
दुसरा हात घेतला,
मग नातीला हाक मारली,
"भागे, तुझी बी बोटं दे गं हिकडं."

पावडीचा आवाज थांबला होता.
खड्ड्यातून मसाजींचं नुसतं डोकं दिसत होतं,
आणि विझलेली विडी.

बेरीज एकशे अकरा तास.
भूमच्या बाजारात व्यापारी सातशे देतो,
वजन कमी भरलं म्हणून पन्नास कापतो.
मी मोबाईलवर भागाकार केला,
पुन्हा केला,
तासाचा आकडा मोठ्यानं वाचवेना.

"आन् मेंढराचे तास?"
केराबाईंनी विचारलं.
"वरीसभर चरतंय की ते."
त्याला रकाना नव्हता.
मी समासात लिहून ठेवलं.

नव्या भावानं घोंगडी गेली,
आधी एसटीच्या टपावरून, मग बोटीनं.
लेबलावर दोन नावं.
मसाजींनी वरचं, स्वतःचं, वाचलं.
मग खालचं.
खालच्यावर बराच वेळ अंगठा फिरवला,
शाई ओली आहे का बघावं तसा.

दोन महिन्यांनी पत्र आलं.
मी ओसरीवर बसून अर्थ सांगितला:
रंग आवडला, वीण आवडली,
भावाबद्दल काही म्हणणं नाही.
फक्त,
मेंढीचा वास येतो.

केराबाईंनी चरखा थांबवला नाही.
"पैसे माघारी मागायलेत का?"
नाही.
"मग लिही त्यायला,
वासाचे लावले न्हाईत म्हणावं."