मुरण्याची चाचणी

दीड हात खोल खड्डा, वीतभर रुंद.
त्यात बादलीभर पाणी, पाण्यात उभी धरलेली पट्टी,
आणि मग अर्धा तास काही करायचं नाही.
काउंटी मला या काही न करण्याचा पगार देते.

अलाबामा. सेल्मापासून आत,
जिथे रस्त्याला नाव नसतं, नुसता आकडा.
मिस वर्डेल टॉलिव्हर पायरीवर बसून भेंडी चिरतायत.
"हललं का गं पाणी?"
नाही.

खरं तर माती हातात घेतली तेव्हाच कळलं होतं.
परभणीच्या कॉलेजात डोळे मिटून ओळखायचो आम्ही हिला:
दोन बोटांत मळायची, फीत काढायची,
फीत तुटेना तर समजायचं, काळी.
चिकण. उन्हाळ्यात भेगाळणारी,
ओली झाली की पायातला बूट मागून घेणारी.
आमची ती लाव्ह्याची लेक.
ही दुसऱ्या घरची.
आठ कोटी वर्षांपूर्वी इथपर्यंत समुद्र होता,
उथळ, कोमट, आळशी.
डोळ्याला दिसू नयेत इतके बारीक जीव
त्यात जगले, मेले, तळाशी बसले.
त्यांचा खडू झाला, खडूवर ही माती.
समुद्र गेला. नकाशावर किनाऱ्याची कमान तेवढी उरली.

त्या कमानीवर कापूस फुटला.
कापसासाठी माणसं आणली, बोटींतून, बाजारांतून, मोजून,
आणि मोजणारे राहायला गेले टेकाडावर,
तिथली माती वाळूची,
पडलं पाणी की गेलं.
ते टेकाड इथून दिसतं. पांढरे खांब.
हल्ली लग्नासाठी भाड्याने देतात.

पावणेअकरा. पाणी तिथंच.
एक बेडूक काठाशी येऊन, बघून, निघून गेला.

आमच्याकडे संशय आला की विचारतात,
पाणी कुठे मुरतंय?
मिस वर्डेलच्या घरामागे ते कुठेच मुरत नाही.
संडासाचा पाइप वीस पावलांवर गवतात तोंड उघडून पडलाय
आणि पाऊस लागला
की गेलेलं सगळं न्हाणीतून परत येतं.
नातवाला, ट्रेव्हियनला, अंगणात अनवाणी जायची बंदी.
इथे चालेल अशी टाकी बसवायची, तर तिचा खर्च
अख्ख्या घराच्या किमतीहून जास्त.
दोन्ही आकडे त्यांना पाठ आहेत.
सांगताना सुरी थांबली नाही.

फॉर्मवर एक ओळ असते: नापास होण्याचं कारण.
मी दर वेळी लिहिते, माती.
खोटं नाही ते.
पण समुद्राने फक्त शिंपले टाकले होते.
टेकाड कुणाचं, उतार कुणाचा, त्याने नाही सांगितलं.
आणि शहराची गटाराची लाइन
तीन मैलांवर नेमक्या कुठल्या फाटकापाशी थांबली,
हे शिंपल्यांना विचारून ठरलं नसणार.
एवढं त्या ओळीत मावत नाही.
मी एकदा समासात लिहून बघितलं होतं.
ऑफिसातून फोन आला,
समासात लिहू नये.

सव्वाअकरा. केसभर उतरलं असेल,
तेही बहुतेक उन्हाने.

"मातीला नावं नको ठेवूस," मिस वर्डेल म्हणाल्या.
"आमची किती माणसं तिच्यात आहेत. टोमॅटो बघ."
बघितले. मुठीएवढे, वेलींना टेकू दिलेले,
पाइपच्या तोंडापासून शक्य तितके दूर.
"एक घे जाताना. धुऊन खा."

संध्याकाळी मोटेलात टबमध्ये बूट धरले.
काळं पाणी मिनिटभर गोल फिरलं
आणि घुटकन गेलं.
कुठे,
मी विचारलं नाही.
टोमॅटो मीठ लावून खाल्ला.
धुतला होता. दोनदा.