कशावरनं

वडणग्याच्या गुऱ्हाळावर मी एकच हंगाम काढला.
मळी काढायची, भेंडीचं पाणी ओतायचं,
आणि दस्तगीरमामा गप्प असला की आपणही गप्प.

एका पहाटे मामा चुलवाणामागं तंबाखू मळत बसलेला,
जळव्या चिपाडं लोटतोय,
आणि मला, का कोण जाणे, वाटलं : आलं.
ओरडलो, "उतरा!"
मामानं उठून थेंबभर पाक पाण्यात सोडला,
गोळी वळली, परातीवर मारली.
टण्ण.
काहील उतरली.
मग माझ्याकडं वळून एवढंच : "कशावरनं?"

वास? फेस? बुडबुड्यांचा आवाज?
खरं सांगायचं तर झोप आली होती,
आणि काहील उतरली की झोपायला मिळतं.

शाहूपुरीच्या सौद्यात ते रवे
मामाच्या रव्यांना खेटूनच मांडले.
अडत्यानं टोकरलं, व्यापाऱ्यांनी जिभेवर ठेवलं,
दोन्हींना एकच दर.
गुळाला कुठं माहीत असतं
आपण कुणाच्या अंदाजानं झालो.

परत आलो जरा ऐटीतच.
म्हटलं, मामा, रुपयाचा फरक नाही.
"गुळात न्हाईच," मामा म्हणाला,
"गूळ झाला. तुला काय झालं?"

पंधरवड्यानं पुरात बुडून निघालेला ऊस आला,
नदीकाठचा, पेरापेरांत गाळ धरलेला.
मला पुन्हा वाटलं : आलं.
तस्संच, छातीत त्याच जागी.
तोंड उघडलं, मिटलं.
मामा काहिलीकडं कान करून उभा.
"अजून न्हाई."
आता मी विचारलं, "कशावरनं?"
वाटलं, चिडेल.
त्यानं वाफेत हात धरला, बोटं चोळली,
सांगायला काही सापडेना त्याला.
"थांब, बघू," म्हणाला. थेंब सोडला.
पाण्यात नुसती तार पसरली.

आता मी मार्केट यार्डात वजनाच्या पावत्या लिहितो.
काल धाकटीनं वहीत उत्तर लिहिलं, बरोबर,
शेजारच्या बाकावरचं बघून.
मी म्हटलं, कशावरनं?
ती फणकारली, "बरोबर आहे ना!"

आहे.
गुरुजी पुरते मार्क देतील.
तरी ते पान मी उलटू देईना.
का, ते तिला नीट सांगता आलं नाही;
वाफेत हात धरल्यासारखा
नुसता वहीवर हात ठेवून बसलो.