ध चा मा

लाँगटनच्या आमच्या शेडमध्ये
तीन भट्ट्या, दोन चाकं आणि एक ग्लेनिस.
हिशेब तीच बघते. एकसष्टची आहे.
मला 'डक' म्हणते. इथे सगळेच सगळ्यांना म्हणतात,
पण पहिल्या वर्षी, मी बदकासारखी चालते की काय
म्हणून घरी जाऊन आरशात पाहिलं होतं.

गेल्या मार्चात हॅमर्टनचं बिल आलं.
दोन टन माती, वर ग्लेझचे डबे,
चार हजार आठशे साठ पौंड.
तोच शिक्का, तीच नम्र ओळ,
आणि खाली बारीक अक्षरात:
आमचं बँक खातं बदललं आहे.
बदलतं. माणसं घरं बदलतात, नवरे बदलतात,
खात्याचं काय एवढं.

नंतर बँकेच्या फोनवरचा मुलगा म्हणाला,
मेलचा पत्ता जरा मोठा करून बघा.
हॅमर्टनमध्ये एम दोन.
त्यातला दुसरा एम नव्हताच.
आर आणि एन होते, खेटून बसलेले,
एका शालीत दोन चोर.

मी हसले. त्या पोराला काय वाटलं असेल!
त्याला कुठून सांगू,
एक अक्षर फिरवून जीव घेतल्याची गोष्ट
आमच्या भाषेत म्हणीसारखी वापरतात.
'ध चा मा करणे': अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.
दोन गुण.
मला दोनपैकी दोन मिळाले होते.

तीन दिवस ग्लेनिसशी मी धड बोलले नाही.
ती चहा ठेवून जायची,
मी कपाकडे बघून आभार मानायचे
आणि मनात तिच्या चष्म्याचा नंबर वाढवत राहायचे.
ती काही बोलली नाही.
पावत्या लावत बसली, तारखेप्रमाणे.

चौथ्या रात्री झोप येईना,
तेव्हा पाठवलेल्या मेलांत उतरले.
मंगळवार, सव्वाचार.
मी शाळेत, पोराच्या गणिताच्या बाईंसमोरच्या रांगेत.
ग्लेनिसने विचारलं होतं:
खातं नवं दिसतंय, हॅमर्टनला फोन करून बघू का?
त्याखाली माझं उत्तर, अंगठ्याने बडवलेलं:
'नको. आजच भर. माती संपलीय.'

ती कडीवर हात ठेवून उभी होती.
हात बाजूला करून
दार मी उघडलं.

सकाळी ओटकेक घेऊन गेले,
तिला आवडतात तसे, चीज घातलेले.
कसं बोलायचं ते वाटेत तीनदा घोकलं होतं.
तिने तुकडा मोडला, म्हणाली,
'प्रिंट काढून ठेवलीय, डक.
अगदीच वेळ आली असती तर दाखवली असती.'

आता नवं खातं आलं की फोन.
बिलावरच्या नंबरावर नाही,
तिच्या डायरीतल्या, शाई पुसट झालेल्या नंबरावर.
कीथ उचलतो. आधी खोकतो,
मागे त्याचं कुत्रं भुंकतं.
पण हल्ली म्हणे आवाजही हुबेहूब बनवतात,
खोकलासुद्धा.
म्हणून ग्लेनिस विचारते,
'उजवा गुडघा कसा आहे, कीथ?'
ऑपरेशन डाव्याचं झालंय.
'बरा आहे' म्हणाला की फोन ठेवायचा.
तो दर वेळी चिडतो. चिडला की पैसे जातात.

अर्धी रक्कम जूनमध्ये परत आली.
उरलेल्या अर्ध्याबद्दल मी भट्टीपाशी एकटी असताना
मराठीत बोलते.

आणि परवा, मी चाकावर,
कोपरापर्यंत मातीत,
तेव्हा ग्लेनिस अंगण ओलांडून आली, हातात फोन.
माझ्याच नावाने मेल:
मीटिंगमध्ये आहे, पाचशे पौंडांची गिफ्ट कार्डं
घेऊन ठेवशील का, प्लीज.
'तू नाही ना लिहिलंस?'
मी मान हलवली.
'वाटलंच,' ती म्हणाली.
'यात प्लीज आहे.'