अकरा मिनिटं

मार्केट यार्डात, अडतीच्या गाळ्यात,
काट्याशेजारी बसतो मी. पाच फूट पाच.
हळदीच्या पोत्याला फोन टेकवून मॅच लावलेली.
बाळू हमाल पाठ सरळ करत विचारतो,
"तुमचा डांब खेळतोय व्हय आज?"

डांब म्हणजे सन्मती मगदूम. सात फूट दोन.
मिरजेच्या डॉक्टरांची पट्टी संपली होती,
उरलेला त्यांनी वितीनं मोजला.

कोर्टाच्या भिंतीवर पुराची रेघ आहे,
ऑइलपेंटनं मारलेली, खाली तारीख.
माझ्या डोक्यावरून वीतभर जाते.
सन्मती तिच्यावर हनुवटी टेकवून म्हणायचा,
"भावा, तुम्ही सगळी गेला असता.
मी नाक वर करून उभा."

तेव्हा खेळ सोपा होता.
आम्ही चेंडू नुसता वर भिरकवायचो,
तो झाडावरनं आंबा उतरवावा तसा उतरवून
परडीत ठेवायचा. उडीसुद्धा नाही.
आटपाडीच्या पोरांनी एकदा पंचांकडे तक्रार केली,
ह्याला बसून खेळवा.

मग व्यावसायिक संघानं करार केला.
मापाचे बूट यायलाच सहा आठवडे लागले.
पहिल्याच सामन्यात समोरच्यांनी एवढंच केलं,
त्याचा गडी लांब कोपऱ्यात नेऊन उभा केला.
आता सन्मतीनं करायचं काय?
परडीखाली थांबला, तर कोपऱ्यातून तीन.
धावून गेला, तर मागं दार सताड.
आणि तीन दोनापेक्षा जास्त,
हे अडतीवरच्या माणसाला कोणी शिकवावं लागत नाही.
माझ्याएवढं एक पोर त्याच्या बगलेखालून
घुशीसारखं गेलं, आलं, पुन्हा गेलं.
प्रशिक्षकानं लॅपटॉप मिटला आणि त्याला बसवलं.
बाकावरही तो उभ्या माणसाएवढाच दिसत होता.

शाळेच्या सहलीत बाहुबली बघितला होता आम्ही.
दगडी पाय, मांड्यांवरून चढलेल्या दगडी वेली.
त्याचा आज्जा सांगायचा,
हलला नाही, म्हणून मोठा झाला.
त्या रात्री सन्मती फोनवर म्हणाला,
"आज्जाला सांग, त्यांना कुणी
कोपऱ्यात धावायला लावलं नव्हतं."

मग बराच वेळ काही नाही. मग,
"उंची चुकली का रे माझी?"
मला सुचलं ते बोललो. म्हणालो, हळकुंड
लांबीवर विकत नाहीत, मोडून आतला रंग बघतात.
"मोडून बघू नका मला," तो म्हणाला, आणि ठेवला फोन.

उन्हाळ्यात आला. पहाटे आयर्विन पुलावरून धावायचा,
दूध घालणारे सायकली थांबवून बघायचे.
मग कोर्टावर. तो लांबून फेकणार,
आणि परडीखाली, त्याच्या जागेवर, मी,
पडलेले चेंडू गोळा करायला.
माझ्या हातानं चेंडू पिवळा व्हायचा,
त्याच्या हातानं परत यायचा, पिवळाच.
शंभरात एकतीस.
एकतिसावर पोट भरत नाही, दोघांनाही ठाऊक होतं.
पण एका सकाळी नेम सोडून
त्यानं चेंडू दोन्ही हातांनी डोक्यावर धरला
आणि तसाच थांबला.
"इथनं मला सगळं दिसतंय," म्हणाला,
"कोण पळतंय, कोण झोपलंय, कुणाची पाठ फिरली.
आजवर एकानंही विचारलं नाही, काय दिसतंय म्हणून."

आत्ता फोनवर तो तसाच उभा आहे.
चेंडू वर. खाली चार हात नुसतेच नाचतायत.
एक लहानखुरा गडी मागून सुटतो,
चेंडू त्याच्या आधी तिथं पोचलेला.
समालोचक त्या गड्याचं नाव घेतो.

नंतर पुन्हा तो कोपरा, ती धावाधाव,
पुन्हा बाक, गुडघ्यावर बर्फ.

"मग? जमतंय का त्याला?" बाळू विचारतो.
अकरा मिनिटं खेळला, मी सांगतो.
"एवढ्या मोठ्या माणसाला अकराच?"
गेल्या वेळी चार होती, मी म्हणतो.
बाळू हात वर करून बघतो,
पत्र्याला लागत नाहीत.
"टाक," मी म्हणतो, "पुढचं पोतं टाक."